नाबोथाचा मळा आणि आपली सहल

मे महिन्याची किंवा नाताळची सुट्टी जवळ आली की आपल्या धर्मग्रामांतील घराघरांतून एकच चर्चा सुरू होते: यंदा कुठे जायचे? थोरांना देवदर्शन हवे असते, तरुणांना धबधबा, आणि मुलांना कुठेही चालते, फक्त तेथे झोपाळा असावा. अखेर तडजोड म्हणून एखादी बाग ठरते. बागेविषयी कोणाची तक्रार नसते. गेल्या काही वर्षांत या तडजोडीच्या यादीत एक नवे नाव आले आहे, ते म्हणजे गुजरातेतील केवडिया. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी तेथे सरदार पटेलांच्या १८२ मीटर उंचीच्या पुतळ्याचे अनावरण झाले, आणि जानेवारी २०२१मध्ये दादरहून थेट रेल्वेगाडीही सुरू झाली. पुतळ्याच्या आसपास, नर्मदेच्या तीरावर, बागांची एक मालिकाच उभी राहिली आहे. चोवीस एकरांवर पसरलेली फुलांची दरी आहे, ३८० जातींच्या वनस्पतींचे सतरा एकरांचे आरोग्यवन आहे, देशोदेशींच्या निवडुंगांची बाग आहे, फुलपाखरांसाठी वेगळी बाग आहे. जाऊन आलेली माणसे भरभरून बोलतात आणि त्यांच्या बोलण्यात अतिशयोक्ती नसते. बागा खरोखरच सुंदर आहेत.

सुंदर बाग पाहण्यात नैतिक प्रश्न तो कोणता, असे वाचक विचारतील. हा प्रश्न आधी पूर्ण गांभीर्याने घेतला पाहिजे, कारण सौंदर्याकडे संशयाने पाहणारी जी एक आंबट धार्मिकता असते तिच्याशी शुभवर्तमानाचे काही नाते नाही. जे नुसते पाहिल्याने मनाला संतोष देते ते सुंदर, अशा आशयाची व्याख्या संत थॉमस अक्विनास यांनी करून ठेवली आहे. तिच्यात मालकी हा शब्द येत नाही. फूल पाहण्यासाठी ते विकत घ्यावे लागत नाही, खुडावे तर मुळीच लागत नाही. म्हणूनच सार्वजनिक बाग ही मला मानवी संस्कृतीची एक मोठी नैतिक कमाई वाटते. शतकानुशतके बागा राजांच्या आणि अमीर-उमरावांच्या होत्या; सामान्य माणूस तेथे शिरलाच तर माळी म्हणून. भायखळ्याची राणीची बाग १८६२ साली लोकांसाठी खुली झाली, तेव्हापासून किती पिढ्यांच्या चाळकऱ्यांनी, गिरणी कामगारांनी रविवारची दुपार तिच्या सावलीत घालवली असेल! ज्याच्या नावावर हातभर जमीन नाही त्याला दोन तास तरी जमिनीवर ऐसपैस बसता येते. प्रभू येशूनेही शिष्यांना रानातली फुले दाखवून शलमोनाचे वैभव त्यांच्यापुढे फिके ठरवले होते. ती फुले मात्र रानातली होती, कोणी लावलेली नव्हती, हेही जाता जाता लक्षात ठेवायला हरकत नाही.

तेव्हा प्रश्न बाग पाहण्याचा नाही. प्रश्न आहे तो बाग कशाच्या शेजारी उभी आहे याचा.

आपल्या देशात धरणाच्या पायथ्याशी बाग करण्याची एक रीतच पडून गेली आहे. म्हैसूरजवळ कृष्णराजसागराच्या पायथ्याशी वृंदावन उद्यान १९२७ साली आखले गेले आणि १९३२ साली पुरे झाले. पुढे जायकवाडीच्या भिंतीखाली पैठणचे संत ज्ञानेश्वर उद्यान त्याच धर्तीवर उभे राहिले; मराठवाड्यातल्या किती शाळांच्या सहली तेथे गेल्या असतील याची गणती नाही. कोयनानगरलाही नेहरूंच्या नावाचे उद्यान आहे. यामागे अभियंत्यांची सोय असते. पाणी उताराने आपोआप येते, आणि बांधकामासाठी घेतलेली जमीन काम संपल्यावर मोकळी पडलेली असते. पण मला वाटते, याहून खोल असेही एक कारण आहे. धरणाची भिंत ही काही कोणी प्रेम करावे अशी वस्तू नव्हे. ती करडी असते, प्रचंड असते, आणि तिच्याकडे पाहताना माणसाला आपल्या लहानपणाची जाणीव होते. तिच्या पायाशी कारंजी आणि गुलाब आले की मुलेबाळे येतात, छायाचित्रे निघतात, आणि भिंत आपली वाटू लागते. बागेचे तोंड नेहमी खालच्या अंगाला असते. भिंतीच्या वरच्या अंगाला काय आहे ते बागेतून दिसत नाही.

सरदार सरोवराच्या वरच्या अंगाला, नर्मदेच्या दक्षिण तीरावर, आपला नंदुरबार जिल्हा आहे. सातपुड्याच्या त्या रांगांमध्ये, अक्कलकुवा तालुक्यात, काठी नावाचे गाव आहे. नकाशावर ते शोधावे लागते. परंतु भिल्लांच्या जगात त्याचे नाव मोठे आहे. जुन्या खानदेशातील मेवासी संस्थानांपैकी काठी हे एक, आणि तेथील राजवाडी होळी साऱ्या सातपुड्यात मानाची. काठीला कारंजी नाहीत की ताटवे नाहीत. तेथे जाऊन बाग कुठे आहे असे कोणी विचारले तर त्याला डोंगराकडे बोट दाखवावे लागेल. मोह आहे, आंबा आहे, साग आहे, चारोळी आहे, बांबू आहे. आपल्या डोळ्यांना ते जंगल दिसते. तेथल्या माणसाला कोणता मोह कोणत्या घराचा, कोणत्या उतारावर कोणते कंद, कोणत्या ओढ्याला केव्हा मासे, हे पाठ असते. झाड न लावताही त्याची राखण करता येते. वसईच्या वाडीत वाढलेल्या आपल्या वाचकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. पानवेल, केळी, सोनचाफा आणि मोगरा यांच्यामागे बावखलाचे पाणी आणि तीन पिढ्यांची पाठ वाकलेली असते, आणि तरीही बाहेरून आलेला बिल्डर त्या वाडीला 'मोकळी जागा' म्हणतो, हे त्यांनी आपल्याच अंगणात पाहिले आहे. हरित वसईची चळवळ याच एका शब्दाविरुद्ध उभी राहिली होती.

काठी स्वतः पाण्याखाली गेले नाही. परंतु त्याच्या उत्तरेला डोंगर उतरत उतरत जेथे नर्मदेला मिळतात तेथील गावे गेली. महाराष्ट्रातील ३३ गावे सरदार सरोवराच्या बुडीत क्षेत्रात आली. त्यांपैकी मणिबेली हे भिंतीला सर्वांत जवळचे, आणि १९९३च्या पावसाळ्यात पाणी आधी तेथे शिरले. मणिबेलीचे शूलपाणेश्वराचे प्राचीन देऊळही बुडाले. त्याच्या नावाचे नवे देऊळ खाली गोऱ्याला बांधण्यात आले. देव हलवता येतो, असे त्या वेळी कोणी म्हटले असेल का, ते सांगता येत नाही. माणसांपैकी काहींना तळोदा तालुक्यात वनखात्याची जमीन मोकळी करून वसवले गेले, काही गुजरातेत गेले, काही वर सरकत सरकत डोंगरमाथ्यावर राहिले. तेथे आजार झाला की दवाखाना बोटीतून येतो, इतके पाणी भोवती आहे. आणि भिंतीच्या खालच्या अंगालाही कहाणी वेगळी नाही. केवडिया, वाघडिया, लिमडी, नवागाम, गोरा आणि कोठी या सहा गावांची जमीन १९६१च्या सुमारास धरणाच्या वसाहतीसाठी घेतली गेली. धरण पुढे दुसरीकडे सरकले, जमीन परत गेली नाही, आणि पर्यटन आले तेव्हा जुना वाद पुन्हा पेटला.

न्यायाने बोलायचे तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ५ एप्रिल १९६१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते या प्रकल्पाची कोनशिला बसली आणि १७ सप्टेंबर २०१७ रोजी तो राष्ट्राला अर्पण झाला. मधल्या छप्पन्न वर्षांत लवाद बसला, जागतिक बँक आली आणि गेली, सर्वोच्च न्यायालयाने २००० साली बहुमताने बांधकामाला मोकळीक दिली. १९७९च्या लवादाने तर जमीन जाणाऱ्या कुटुंबाला किमान दोन हेक्टर जमीन देण्याचे बंधन घातले होते. त्यापूर्वीच्या किती धरणग्रस्तांच्या वाट्याला एवढेही आले नव्हते. कच्छ-सौराष्ट्राच्या तहानेल्या गावांना पाणी मिळाले, तीही माणसेच आहेत. हे सारे खरे आहे, आणि त्याकडे डोळेझाक करणाऱ्याला या विषयावर बोलण्याचा अधिकार नाही.

तरीही राजांच्या पहिल्या ग्रंथातील एकविसावा अध्याय मनातून जात नाही. इज्रेल येथे नाबोथ नावाच्या माणसाचा द्राक्षमळा होता, आणि तो अहाब राजाच्या वाड्याला लागून होता. आपण ही गोष्ट लहानपणापासून खुनाची गोष्ट म्हणून ऐकत आलो आहोत. तिचा आरंभ मात्र अगदी सभ्य आहे. अहाबाला तो मळा कशासाठी हवा होता? बाग करण्यासाठी! भाजीपाल्याची बाग. आणि त्याने तो फुकट मागितला नाही. याहून चांगला मळा देतो, नाही तर रोख किंमत देतो, असे तो म्हणाला. आजच्या कोणत्याही पुनर्वसन कायद्याच्या कसोटीला अहाबाचा हा प्रस्ताव उतरला असता. नाबोथाने नकार दिला तो भाव कमी वाटला म्हणून नव्हे. वाडवडिलांचा वारसा देता येत नाही, एवढेच त्याचे म्हणणे. अहाबाला हे उत्तर कळलेच नाही. तो रुसून, भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. प्रत्येक वस्तूला किंमत असते असे मानणाऱ्या माणसाला नकार हा हट्ट वाटतो. पुढचे काम ईजबेलने केले. खोटे साक्षीदार उभे राहिले, नाबोथ दगडांखाली मेला.

या कथेत एक तपशील असा आहे, की त्यावर प्रवचने क्वचितच होतात. एलिया संदेष्टा अहाबाला कोठे गाठतो? दरबारात नव्हे, न्यायासनासमोर नव्हे. अहाब मळ्यात उतरला असताना, तो पाहायला आणि ताब्यात घ्यायला गेला असताना. खून त्याने केला नव्हता, कदाचित त्याचा तपशीलही त्याला ठाऊक नव्हता. तो फक्त बागेत फिरायला गेला होता.

नर्मदेच्या काठी नाबोथासारखा कट झाला असे मला मुळीच म्हणायचे नाही. तुलनेलाही मर्यादा असते. परंतु 'मी तर फक्त फिरायला आलो' या वाक्याने सुटका होते की नाही, हा प्रश्न मात्र तोच आहे.

कॅथॉलिक नीतिशास्त्राने या प्रश्नासाठी एक बारीक हत्यार तयार करून ठेवले आहे. दुसऱ्याच्या दुष्कृत्यात आपला सहभाग किती, याचे ते मोजमाप करते. हेतूनेच सामील होणे वेगळे आणि हेतू नसताना कृतीने हातभार लागणे वेगळे. त्यातही तो हातभार जवळचा की दूरचा, आणि तो लावण्यास पुरेसे कारण होते की नव्हते. संत आल्फोन्सस लिगोरी यांच्यासारख्या आचार्यांनी हा विचार मोठ्या करुणेने मांडला. नोकर, दुकानदार, सैनिक अशा साध्या माणसांच्या सदसद्विवेकावर भलते ओझे पडू नये ही त्यांची तळमळ होती. या तराजूत घातले तर बागेचे तिकीट काढणारा प्रवासी जवळजवळ निर्दोष ठरतो. विस्थापन त्याला नको होते, त्याच्या तिकिटाने ते झाले नाही, ते त्याच्या येण्याआधीच घडून गेले होते.

हिशेब बिनचूक आहे. पण मला त्याच्याविषयी एक अडचण वाटते. हा तराजू आपण अपराधापासून किती दूर आहोत एवढेच सांगतो. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्यापासून आपण किती दूर आहोत, हे त्याला विचारलेच जात नाही. यरीहोच्या वाटेवर पडलेल्या त्या जखमी माणसाजवळून जो याजक गेला आणि जो लेवी गेला, त्यांचाही त्या दरोड्यात काडीचा सहभाग नव्हता. कोणत्याही न्यायालयात ते निर्दोष सुटले असते. प्रभूने मात्र ती गोष्ट सांगताना दरोडेखोरांना दोन वाक्यांत निकालात काढले आणि आपली नजर त्या दोघा निर्दोष माणसांवर खिळवली.

मग केवडियाला जाऊच नये काय? बहिष्काराचा मार्ग सरळ दिसतो, आणि तो पत्करणाऱ्या माणसाविषयी मला आदर आहे. पण त्यात एक फसवणूक लपलेली आहे. सरदार सरोवराच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के आहे. जो घरी बसून पंखा लावतो तोही त्या पाण्याच्या काठीच बसलेला आहे, फक्त त्याच्यासमोर गुलाब नाहीत. सहल रद्द करून माणूस स्वच्छ होत नाही. फार तर त्याला तसे वाटू लागते, आणि ते अधिक धोक्याचे. शिवाय बागेत पाणी घालणारे, तण काढणारे, बॅटरीवरची रिक्षा चालवणाऱ्या स्त्रिया, यांत आसपासच्या आदिवासी गावांतलीच माणसे आहेत. आपण गेलो नाही म्हणून त्यांची जमीन परत येणार नाही, दिवसाची मजुरी तेवढी जाईल.

काही सुजाण वाचक याहून कठीण आक्षेप घेतील. पृथ्वीवर अशी कोणती जमीन आहे की जिच्याखाली कोणाचा तरी मळा नाही? वसईचा किल्ला, मुंबईचे मैदान, ज्या टेकडीवर आपले चर्च उभे आहे ती टेकडी, सर्वत्र कोणी ना कोणी आधी होतेच. इतका खोल विचार करत बसलो तर पाऊल टाकणे अशक्य होईल. आक्षेप खरा आहे. पण इतिहास आणि कर्ज यांत फरक आहे. ज्याचे वारस उरले नाहीत, किंवा ज्यांनी ते विसरून पुढे घर केले, तो इतिहास. ज्याचा मागणारा अजून हयात आहे, अर्ज हातात घेऊन तहसील कचेरीच्या पायऱ्या चढतो आहे, ते कर्ज. वृंदावन उद्यानाचा विषय बव्हंशी इतिहासजमा झाला असेल. कोयनेच्या विस्थापितांची गाऱ्हाणी मात्र साठ वर्षे उलटल्यावरही संपलेली नाहीत, आणि नर्मदेच्या डोंगरातल्यांची तर आपल्या डोळ्यांदेखत चालू आहेत. येथे आपल्याला कोणी कर्ज फेडायला सांगत नाही, ती आपली ऐपत नाही. कर्ज आहे हे माहीत असणे, आणि ते माहीत असलेल्या माणसासारखे वागणे, एवढे आपल्या हातात आहे. मतदार म्हणून, शिक्षक म्हणून, वर्तमानपत्राला चार ओळी लिहिणारा वाचक म्हणून त्याचे पुढे काय करायचे ते ज्याने त्याने ठरवावे.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात दोन गोष्टींकडे लक्ष वेधले आहे. सुंदर जागा हळूहळू काही जणांच्याच होऊन बसतात ही एक. आणि आदिवासी समाजांसाठी जमीन हा बाजारातला माल नसून ते परमेश्वराचे व पूर्वजांचे दान असते ही दुसरी. नाबोथाचे उत्तर आणि हे विधान यांत सुमारे अठ्ठावीस शतकांचे अंतर आहे, अर्थात फरक नाही.

एका गोष्टीविषयी मात्र सावध केले पाहिजे. हे सारे वाचून एखादा उत्साही युवक संघ म्हणेल, केवडिया नको, आपण थेट काठीला जाऊ, खरे आदिवासी पाहू. होळीच्या रात्री अलीकडे असे पाहुणे बरेच येतात. पहाटे होळी पेटते. जंगलातून आणलेला उंच बांबू मधोमध उभा असतो, अंग रंगवलेले, कमरेला घुंगरू बांधलेले नर्तक रात्रभर नाचतात, आणि त्यांच्याभोवती कॅमेऱ्यांचा दुसरा फेर धरला जातो. त्यातल्या अनेकांनी त्या रात्रीसाठी नवस म्हणून कित्येक दिवस व्रत पाळलेले असते, ते छायाचित्रात येत नाही. आपल्याला ते कळायला हवे, कारण तो आपल्याही प्रायश्चित्तकाळाचा हंगाम असतो. २०२४ साली तर होळी आणि झावळ्यांचा रविवार २४ मार्च या एकाच दिवशी आले होते. उपवासाच्या दिवसांत कोणी आपल्या वेदीसमोर येऊन, जरा इकडे बघा, म्हणाले तर आपल्याला कसे वाटेल? माणसांना फुलांच्या ताटव्यासारखे पाहणे म्हणजे त्यांची बाग घेऊन झाल्यावर त्यांनाच बागेत लावण्यासारखे आहे.

सुट्टी या शब्दाचाही थोडा विचार व्हावा. दहा आज्ञांमध्ये विश्रांतीची आज्ञा ज्या शब्दांत आली आहे ते पाहिले तर विश्रांती एकट्या घरधन्याला दिलेली नाही. मुलगा-मुलगी आहेत, दास-दासी आहेत, गुरे आहेत, आणि वेशीच्या आत राहणारा परकाही आहे. ज्याच्या विश्रांतीसाठी दुसऱ्या कोणाला दुप्पट राबावे लागते त्याची ती सुट्टी आज्ञेत बसत नाही. बागेतून बाहेर पडताना माळ्याला त्याचे गाव विचारणे, रिक्षा चालवणाऱ्या बाईशी भावासाठी हुज्जत न घालणे, कागद आणि बाटल्या आपल्या पिशवीतून परत आणणे, या गोष्टी तिकिटाच्या पैशात येत नाहीत. मुलांना भिंतीच्या वरच्या अंगाच्या गावांची नावे सांगणे हेही त्यातलेच. मुले असे प्रश्न विचारतातच: बाबा, पाण्याच्या खाली काय आहे? तेव्हा मासे आहेत असे सांगून मोकळे होऊ नये. मणिबेली आहे, असे सांगावे.

पुनरुत्थानाच्या पहाटे मरिया माग्दालेना प्रभूला माळी समजली. ती चुकली असे आपण म्हणतो. पण बागेत सकाळी सकाळी भेटलेल्या अनोळखी माळ्याशी ती आधी बोलली होती, म्हणून पुढचे घडले.

काठीच्या बाजूला कोणी जाणारच असेल, नातेवाइकांकडे, कामानिमित्त, किंवा तोरणमाळचा यशवंत तलाव पाहून परतताना वाट वाकडी करून, तर एक साधी गोष्ट सांगून ठेवतो. होळीच्या पुढे-मागे मोह फुलतो. फुले रात्री गळतात आणि बायका-मुले पहाटे ती वेचतात. त्यासाठी झाडाखालची जमीन झाडून स्वच्छ केलेली असते. गाडी सावलीत लावायची म्हणून त्या झाडलेल्या जागेवर ती नेऊ नये. तेथे कुंपण नसते आणि पाटीही नसते, पण ते झाड कोणाचे तरी असते. जवळच्या घरी विचारले तर सांगतात.